‘क्लाउडवर गेलो, आता आयटी विभाग कशाला?’

व्यवस्थापकांच्या गटांमध्ये एक मजकूर सारखा पुढे ढकलला जातोय. त्यातला दावा थोडक्यात असा: क्लाउडवर गेलं, म्हणजे स्वतःचे सर्व्हर ठेवण्याऐवजी दुसऱ्या कंपनीचे इंटरनेटवरून भाड्याने वापरले, की खर्च आपोआप घटतो, सेवा बंद पडत नाही, सुरक्षा आणि बॅकअप (डेटाच्या जादा प्रती) क्लाउड कंपनीच बघते, म्हणून आयटी विभाग गुंडाळायला हरकत नाही. यावर विसंबून कोणी खरंच माणसं कमी करेल, या काळजीपोटी हे लिहितोय.

आधी खर्च. कामाचा भार कधी दुप्पट, कधी निम्मा होत असेल तर क्लाउड परवडतो, यात वाद नाही. वर्षभर भार एकसारखा असेल तर मात्र हिशेब उलटू शकतो. फाइल साठवण्याची सेवा देणाऱ्या ड्रॉपबॉक्सने बराचसा डेटा अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवरून स्वतःच्या यंत्रणेवर आणला आणि २०१६ व २०१७ या दोन वर्षांत मिळून सुमारे साडेसात कोटी डॉलर वाचवले. एवढा पसारा सगळ्यांचा नसतो, हे मान्य. पण चाचणीसाठी चालू केलेला सर्व्हर बंद करायला विसरलं, तर छोट्या संस्थेचंही बिल वाढतच राहतं. ‘आपोआप’ वाढतो तो खर्च. घटवायला कोणीतरी लक्ष ठेवावं लागतं.

सेवा बंद पडत नाही? ९९.९ टक्के उपलब्धतेची हमी म्हणजे वर्षाला पावणेनऊ तास बंद राहायची मुभा. २८ फेब्रुवारी २०१७ रोजी अ‍ॅमेझॉनची एस-थ्री ही साठवण सेवा अमेरिकेतल्या एका मोठ्या विभागात काही तास कोलमडली, ती एका चुकीच्या टाइप झालेल्या कमांडमुळे.

सुरक्षेबाबतचा गैरसमज सर्वांत महागात पडणारा आहे. इमारत, वीज, हार्डवेअर ही कंपनीची जबाबदारी. कोणाला कोणती परवानगी द्यायची, फायरवॉलचे (नको ती ये-जा अडवणाऱ्या यंत्रणेचे) नियम काय ठेवायचे, हे ग्राहकाकडेच राहतं. २०१९ मध्ये कॅपिटल वन बँकेच्या क्लाउडवरच्या डेटातून अमेरिकेतल्या सुमारे १० कोटी आणि कॅनडातल्या सुमारे ६० लाख लोकांची माहिती चोरीला गेली. फायरवॉलची मांडणी चुकली होती. पुढच्या वर्षी ८ कोटी डॉलरचा दंड झाला तो बँकेला, क्लाउड कंपनीला नाही.

आणि बॅकअप. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला ओव्हीएच या क्लाउड कंपनीचं एक अख्खं डेटा सेंटर, म्हणजे सर्व्हर ठेवलेली इमारत, जळालं. ज्यांच्या प्रती दुसऱ्या ठिकाणी होत्या ते सावरले. बाकी अनेकांचा डेटा कायमचा गेला, कारण बॅकअप ही वेगळी घ्यायची सेवा आहे हे त्यांना आग लागल्यावर कळलं. याउलट, २०२४ मध्ये गूगलच्या बाजूने झालेल्या चुकीमुळे ऑस्ट्रेलियाच्या युनिसुपर या निवृत्तिवेतन निधीची क्लाउड यंत्रणाच पुसली गेली. सहा लाखांहून जास्त सभासदांची खाती त्यात होती. निधीने दुसऱ्या पुरवठादाराकडेही प्रती ठेवल्या होत्या, आणि यंत्रणा पुन्हा उभी करताना त्या कामी आल्या.

प्रती कुठे ठेवायच्या हे ठरवणं, त्यातून यंत्रणा खरंच उभी राहते का हे अधूनमधून करून पाहणं, नोकरी सोडून गेलेल्याची परवानगी त्याच दिवशी काढणं, बिलातली अनोळखी ओळ शोधणं, पुरवठादार बदलायची वेळ आली तर डेटा बाहेर कसा काढायचा हे करार करतानाच विचारणं: क्लाउडवर गेलेल्या संस्थेचा आयटी विभाग हेच करतो. सर्व्हरच्या खोलीला कुलूप लागलं तरी यातलं एकही काम क्लाउड कंपनी तुमच्या वतीने करत नाही.