रोजगार कसा निर्माण करावा (कुणालाही कामाला न लावता)

भाऊ, प्रभागात रोजगार आणायचं मनावर घेतलंय म्हणता, तर आधी एक गोष्ट पक्की करून टाका. रोजगार मोजायचा तो दारात, येताना. घोषणा झाली, करार झाला, अर्ज भरला, लिफाफा हातात पडला, की लगेच मोजायचा. आत गेल्यावर तो किती दिवस टिकला, पगार वेळेवर झाला का, असल्या चौकशा पोराच्या आईने करायच्या असतात, आपण नाही. एवढं पथ्य सांभाळलंत, तर कोविडपासून लंगडणारा बाजार अजून दहा वर्षं लंगडला तरी तुमच्याकडे भरभराटच.

श्रीगणेशा मेळाव्याने करा. नाव 'महारोजगार मेळावा'. 'महा' गाळू नका, साधा मेळावा भजनी मंडळाचासुद्धा असतो. फ्लेक्सवर तुमचा फोटो मोठा, वरच्या साहेबांचा त्याहून मोठा (इथे इंचाचीही चूक महागात जाते), खाली शुभेच्छुकांची रांग आणि जागा उरलीच तर मेळाव्याची तारीख. फ्लेक्सवाला, मांडववाला, खुर्च्यांवाला, साउंडवाला आणि वडापावची गाडी लावणारे काका, त्या रविवारी ज्यांना खरोखर काम मिळतं ती ही माणसं. यांना मोजायचं नाही. यांची बिलं दिवाळीपर्यंत लांबवायची.

शाळेच्या मैदानावर टेबलं मांडा. वर सॅटिनचं कापड, त्यावर कंपनीच्या नावाचा ए-फोर कागद सेलोटेपने चिकटवलेला. टेबलामागे बसलेला माणूस बहुधा कंपनीचा नसतो, कंपनीला माणसं पुरवणाऱ्या ठेकेदाराचा असतो. हा बारकावा फक्त रांगेतल्या पोरांना कळतो, पत्रकार तोवर नाश्त्याला गेलेले असतात. पोरांच्या हातात प्लास्टिकचं फोल्डर, त्यात मार्कशीटच्या झेरॉक्स. कुणी डिप्लोमा मेकॅनिकल, कुणी आयटीआय फिटर, कुणी एमकॉम.

"पगार किती, सर?"

"कागदावरचा का हातातला?"

"हातातला."

"ते जॉइन झाल्यावर बघू. नाइट चालेल ना? रूमचं तुझं तू बघ."

एवढ्यात मुलाखत संपते आणि पोरगा पुढच्या टेबलावर जातो. एकच पोरगा चार टेबलांवर फिरला तर ते चार अर्ज. संध्याकाळच्या बातमीत अर्जांचा आकडा द्या, माणसांचा देऊ नका.

स्टेजवर मात्र घाई करू नका. 'वेळेअभावी प्रातिनिधिक स्वरूपात पाच जणांना नियुक्तिपत्रं देण्यात येत आहेत,' हे निवेदकाकडून घोटून घ्या. या एका वाक्यात बाकीच्या शेकडो लोकांनाही नियुक्तिपत्रं मिळाल्याचा भास आहे. पाच लिफाफ्यांत 'मूळ कागदपत्रांसह मुलाखतीस हजर राहावे' एवढंच लिहिलेलं असेल तरी बिघडत नाही. फोटोत लिफाफा बंदच असतो.

यातला कुणी खरंच पुण्याजवळच्या चाकणला कारखान्यात लागला, तर घाबरू नका. तिथे २४० दिवसांचा मोठा महिमा आहे. वर्षात तेवढे दिवस भरले की कामगार कायम होण्याचा दावा सांगू शकतो, म्हणून पुष्कळ ठेकेदारांनी सहा-सात महिन्यांनी 'ब्रेक' द्यायची रीत पाडली. पोरगा घरी जातो, पंधरा-वीस दिवस बसतो आणि त्याच लाइनवर, त्याच मशिनवर, नव्या ठेकेदाराच्या कार्डावर पुन्हा चिकटतो. तुमच्या दृष्टीने हे दोन रोजगार. असा एक होतकरू तरुण आणि तीन ठेकेदार पाच वर्षं धरून ठेवले, तर एवढ्या एका घराच्या जोरावर तुम्ही पुढची निवडणूक लढवू शकता.

सरकारनेही या बाबतीत हात आखडता घेतलेला नाही. २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. सहा महिन्यांचं प्रशिक्षण, बारावीला महिना ६,०००, आयटीआय-डिप्लोमाला ८,०००, पदवीधराला १०,००० रुपये. सहा महिने संपल्यावर आणखी पाच महिने मिळाले, तेही संपल्यावर पोरं कायम करा म्हणून आंदोलनाला बसली. त्यांचा अगदी साधा गैरसमज झाला होता. कामावर बोलावलं, हजेरी लावली, फायली उचलायला लावल्या, म्हणून त्यांना ती नोकरी वाटली. भाषणात तुम्हीही तिला नोकरीच म्हणा, पत्रव्यवहारात मात्र प्रशिक्षण.

आता मोठ्या प्रकल्पांकडे वळू. रोजगाराचा आदर्श नमुना हवा असेल तर वेदांता-फॉक्सकॉनचा घ्या. दीड लाख कोटींची गुंतवणूक आणि एक लाख नोकऱ्या, असा तो सेमीकंडक्टरचा गाजावाजा. प्रकल्प तळेगावला येणार असं सगळे धरून चालले होते, सप्टेंबर २०२२ मध्ये तो गुजरातला गेला आणि जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉननेच त्यातून अंग काढून घेतलं. म्हणजे त्या लाख नोकऱ्या इथेही झाल्या नाहीत आणि तिथेही नाहीत. पण त्या कुणामुळे गेल्या, यावर इथे किती चॅनेलांचं पोट भरलं ते बघा. न जन्मलेल्या नोकरीचा हाच फायदा. तिला पीएफ लागत नाही, ब्रेक द्यावा लागत नाही आणि तिचं खापर वाटेल तितकी वर्षं दुसऱ्यावर फोडता येतं.

जन्मलेल्या नोकऱ्यांचं उदाहरणही तळेगावातच आहे. जनरल मोटर्सचा कारखाना २००८ मध्ये आला, तेव्हा रोजगार मोजून झाले. २०२० च्या अखेरीस गाड्या निघायच्या बंद झाल्या. २०२३ मध्ये तो कारखाना घ्यायचा करार ह्युंदाईने केला, तेव्हा रोजगार पुन्हा मोजले. मधल्या काळात जुने कामगार गेटबाहेर आणि कोर्टात होते. त्यांच्यासाठी आपल्या तक्त्यात रकानाच नाही, त्यामुळे वजाबाकीचा प्रश्न येत नाही.

भाषणात पिंपरी-चिंचवडचा इतिहास शक्यतो काढू नका. १९५४ ला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स, १९६२ ला एमआयडीसी, मग टेल्को (आताची टाटा मोटर्स), बजाज, आणि त्यांना सुटे भाग करून देणारी भोसरीची शेकडो वर्कशॉप. हे ऐकलं की एखादा निवृत्त कामगार हमखास उठतो आणि सांगतो, की तेव्हा आधी भूखंड, रस्ता, पाणी, वीज आली आणि कारखाने मागून आले. आपल्याकडे सध्या कारखाने आधी येतात आणि रस्ता येतोच आहे. चाकणच्या तळेगाव चौकात कंटेनर आणि कंपनीच्या बसा एकमेकींच्या नाकाला नाक लावून उभ्या असतात, हिंजवडीत जुलैमध्ये लॅपटॉप डोक्यावर धरून लोक चालतात. कुणी छेडलंच तर, कोंडी हे विकासाचं लक्षण आहे म्हणा. चार तास एका जागी अडकलेल्या माणसाला ते पटवून द्यायला भरपूर वेळ मिळतो.

पदवीधरांची काळजी करू नका, ती सदाशिव पेठ घेते. जो पोरगा स्पर्धा परीक्षेला बसला, तो बेकार नसतो, तो 'तयारी' करत असतो, आणि तयारीला वयोमर्यादेपर्यंत मरण नाही. जाहिरात लांबली, परीक्षा पुढे गेली, निकाल अडकला, निकालानंतर नियुक्त्या अडकल्या, की कॉट बेसिसवर खोली देणारे, अभ्यासिकावाले, मेसच्या मावशी, अप्पा बळवंत चौकातले पुस्तकवाले, क्लासवाले, सगळ्यांचं अजून एक वर्ष निघतं. एक सरकारी जागा रिकामी ठेवली तर पेठेत किती चुली पेटतात! भरली तर एकच. आता सांगा, रोजगाराभिमुख धोरण कोणतं?

ज्यांचा धीर सुटतो ते पाठीवर चौकोनी पिशवी अडकवून दुचाकीवर निघतात. त्यांना कंपनी 'पार्टनर' म्हणते. मालक झालेल्या माणसाला आपण आणखी काय देणार?

एका ठिकाणी मात्र चुकूनही फिरकू नका. भोसरीत नाहीतर धायरीत एखाद्या गल्लीत शिरलात, तर अर्धवट उघडलेल्या शटरवर खडूने लिहिलेलं दिसेल: 'पाहिजेत. सीएनसी ऑपरेटर १, हेल्पर २'. आत पाच मशिनं, त्यातली दोन झाकून ठेवलेली. मालक हाताला ऑइल पुसत बाहेर येईल आणि तुम्ही विचारायच्या आत सुरू होईल. ऑर्डर आहे, दुसरी पाळी काढता येईल, तीन पोरं आज घेतो, पण मोठ्या कंपनीकडून माल गेल्यावर तीन-तीन महिने पैसे येत नाहीत. छोट्या उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते करावेत असा कायदा २००६ पासून आहे, हे त्याला तोंडपाठ असतं. तक्रार केली तर पुढची ऑर्डर जाईल, हेही असतं. हा माणूस भलताच गैरसोयीचा. त्याला करार नको, मेळावा नको, एकरभर जमीन नको. वेळेवर पैसे, दिवसभर वीज आणि गल्लीत टेम्पो शिरेल एवढा रस्ता दिला, तर तो परवापासून तीन माणसं कामाला लावेल. पण तीन माणसांसाठी फीत कशी कापणार? आणि ती पाच वर्षांनी तिथेच सापडली, तर त्यांना दुसऱ्यांदा मोजणार तरी कसं?

राहता राहिला तो माहितीच्या अधिकारात अर्ज टाकणारा गृहस्थ. प्रत्येक वॉर्डात एक असतोच, बहुधा निवृत्त, बहुधा बँकेतला. मेळाव्यात नोकरी लागलेल्यांपैकी आज किती जण कामावर आहेत, असं तो वर्षभराने विचारेल. चिडायचं नाही. 'आकडेवारी संकलित करण्याचं काम सुरू आहे' असं कळवायचं, आणि ते खोटं पडू नये म्हणून संकलनाला चार पोरं घ्यायची. ठेकेदारामार्फत, सहा महिन्यांसाठी. आणि हो, घेतल्या घेतल्या ती चार एकूण आकड्यात मिळवायला विसरू नका.