फ्लॅटला नॉमिनी, वह्यांना कोण?

दोन कवींनी एकमेकांशी लग्न करूच नये, असं परवा झाशी राणी चौकात साहित्य संघातून बाहेर पडता पडता एका ज्येष्ठांनी ठणकावून सांगितलं. उदाहरण अर्थातच अमेरिकन कवयित्री सिल्व्हिया प्लाथ आणि तिचा इंग्रज कवी-नवरा टेड ह्यूज. सगळ्यांनी माना डोलावल्या. काहून पण? याच नागपुरात कवी अनिल आणि कुसुमावती देशपांडे यांनी संसार केला. ते १९५८ साली मालवणच्या संमेलनाचे अध्यक्ष, त्या १९६१ साली ग्वाल्हेरच्या. (त्यांची ओळख कथाकार-समीक्षक म्हणून, हे मान्य. पण घरात लिहिणारे दोघं होतेच ना!)

प्लाथ-ह्यूज म्हटलं की लोक त्याच्या भानगडीवरच अडकतात. १९६२ मध्ये तो आसिया वेव्हिलच्या नादी लागला, संसार मोडला, ११ फेब्रुवारी १९६३ ला लंडनमध्ये सिल्व्हियाने जीव दिला. वय ३०, दोन लहान मुलं. त्याचं समर्थन मी करत नाही. मला जास्त खुपतं ते नंतरचं.

घटस्फोट झालेला नव्हता, मृत्युपत्र नव्हतं. म्हणून तिच्या लिखाणाचा ताबा त्याच्याकडे. ज्या कवितांत त्याचीच सालटी काढलेली, त्या छापायच्या की नाही हे ठरवणारही तोच! मुलं उठायच्या आत, पहाटे चारला बसून तिने त्यातल्या कितीतरी लिहिलेल्या. ‘एरियल’ या कवितासंग्रहाचं बाड तिने स्वतः लावून ठेवलं होतं, ‘प्रेम’ या शब्दाने सुरू होऊन ‘वसंत’वर संपणारं. १९६५ ला पुस्तक आलं तेव्हा काही कविता गळाल्या, अगदी शेवटच्या दिवसांतल्या काही घुसल्या आणि सगळा रोख मरणाकडे वळला. तिच्या क्रमाने पुस्तक निघायला २००४ उजाडलं. शेवटची डायरी तर त्याने नष्टच केली. मुलांनी ती वाचावी लागू नये म्हणून, असं त्याचं म्हणणं. बाप म्हणून समजतं. संपादक म्हणून अजिबात पटत नाही.

आणि याच ह्यूजचं पहिलं पुस्तक? हस्तलिखित टाइप करून स्पर्धेला पाठवलं होतं सिल्व्हियाने. तिथे ते जिंकलं, १९५७ ला छापून आलं.

तिच्या थडग्यावरचं ‘ह्यूज’ आडनाव लोकांनी पुन्हा पुन्हा खरवडून काढलं. पण त्या खरवडण्याने कवितांचा क्रम थोडाच बदलणार होता!

आपल्याकडेही हिंदू वारसा कायद्यात बाई मृत्युपत्र न करता गेली, तर मुलांबरोबर नवरा वारस. वेगळा राहत असला तरी, घटस्फोट होईस्तोवर. कॉपीराइट मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. धंतोलीतल्या फ्लॅटला नॉमिनी लावता, मग वह्यांचंही दोन ओळीत लिहून ठेवा, दोन साक्षीदारांच्या सह्यांनिशी. कोणाला टॅग करत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळलं असेल.