चोप्राला बोलावलं, पण कधी?

नोव्हेंबर 2025 मध्ये फुटबॉलमध्ये भारत ढाक्यात बांगलादेशाकडून 1-0 हरला आणि आमच्या कोल्हापूरच्या शाळूसोबत्यांच्या ग्रुपवर नेहमीचा वाद पेटला. बांगलादेशाच्या संघात हमझा चौधरी होता, इंग्लंडमध्ये जन्मलेला, लेस्टरचा. मग आपणही परदेशात वाढलेल्या भारतीय वंशाच्या पोरांना घ्यावं का? बहुतेकांचं मत एकच : नको. तिकडचे उरलेसुरले आपल्या गळ्यात कशाला? आणि पुरावा म्हणून एकच नाव पुढे आलं, इंग्लंडमध्ये जन्मलेला भारतीय वंशाचा फॉरवर्ड मायकेल चोप्रा. संपलेला, जुगारी, केरळला येऊन पैसे घेऊन गेला म्हणे.

चोप्रा न्यूकॅसलच्या ज्या गॉसफर्थ भागात वाढला, तिथून मेट्रोने थोड्याच अंतरावर माझं घर आहे. तो उरलासुरला होता हे मी ऐकून घेणार नाही.

17 एप्रिल 2006, ईस्टर मंडे. संडरलंडच्या मैदानावर न्यूकॅसल 1-0 ने मागे. वडिलांकडून पंजाबी रक्ताचा, बोलायला अस्सल जॉर्डी, म्हणजे न्यूकॅसलवाला, असा बावीस वर्षांचा चोप्रा बदली म्हणून आत आला आणि पंधरा-वीस सेकंदांत त्याने बरोबरी साधली. भारतीय वंशाच्या खेळाडूने प्रीमियर लीगमध्ये केलेला तो पहिला गोल मानला जातो. लगेच न्यूकॅसलचा कर्णधार ॲलन शिअररने पेनल्टी मारली. तो शिअररच्या कारकिर्दीतला शेवटचा गोल. न्यूकॅसल 4-1 ने जिंकलं. मी मॅच पबमध्ये पाहिली. शेजारच्या अनोळखी माणसाने मला मिठी मारली आणि माझ्याकडे बोट दाखवून चोप्राचं नाव ओरडला. या शहरात माझ्या तोंडावळ्याचं कौतुक झालेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. ग्रुपवरच्या कुणालाही हे कळायचं नाही, आणि त्यात त्यांचा दोष नाही.

पुढच्या हंगामात तो कार्डिफला गेला आणि 22 गोल मारले. 2007 मध्ये प्रशिक्षक रॉय कीनने त्याला पन्नास लाख पौंडांना घेतलं, तेही न्यूकॅसलच्या कट्टर प्रतिस्पर्धी संडरलंडसाठी. कोल्हापूरकरांना हे समजावून सांगावं लागू नये. पाटाकडील तालमीच्या गल्लीत वाढलेल्या पोराने ऐन हंगामात प्रतिस्पर्धी दिलबहार तालमीचा शर्ट घालावा, तसं ते होतं. पहिल्याच सामन्यात, टॉटनहॅम स्पर्सविरुद्ध, त्याने इंज्युरी टाइममध्ये विजयी गोल केला. मग पुन्हा कार्डिफ. शेजारच्या प्रतिस्पर्धी स्वान्सीविरुद्धच्या डर्बीत दोन गोल, त्यातला दुसरा अगदी शेवटी. 2010 ला वेम्बलीवर प्रीमियर लीगमध्ये जाण्यासाठीची प्लेऑफ फायनल झाली, त्यात पहिला गोल चोप्राचा होता. ब्लॅकपूलने ती 3-2 ने जिंकली. असा माणूस त्या वर्षी भारतीय संघात असता तर आपल्या आघाडीच्या फळीचं काय झालं असतं, याचा विचार करा.

त्याची भारताकडून खेळायची इच्छा होती आणि ती त्याने बोलूनही दाखवली होती. तो इंग्लंडच्या युवा संघांतून खेळला होता, पण युवा संघातून खेळल्यावर देश बदलण्यासाठीची वयाची अट फिफाने 2009 मध्येच काढून टाकली होती. अडलं ते आपल्याकडे. आपल्या राज्यघटनेला दुहेरी नागरिकत्व मान्य नाही, आणि भारताकडून फक्त भारतीय पासपोर्टवालाच खेळेल, असं क्रीडा मंत्रालयाने 2008 मध्ये ठरवलं. परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी नागरिकत्वासाठी अर्ज करण्याआधी वर्षभर भारतात राहावं लागतं. म्हणजे पंचविशीतल्या फॉरवर्डने चालू करार सोडायचा, जन्मजात पासपोर्ट परत करायचा, भारतात मुक्काम ठोकायचा, आणि मग निवड झाली तर झाली. कोण करेल हे? कारकीर्द उतरणीला लागलेलाच करेल. चोप्रा केरळ ब्लास्टर्समध्ये आला 2014 ला, तिशी गाठून. 2025 मध्ये ऑस्ट्रेलियाचा पासपोर्ट सोडून भारतीय झालेला रायन विल्यम्स, ज्याची आई मुंबईची, तोही बत्तिशीचा. उतरत्या वयाचेच येतील असा नियम आपण केला, आणि आल्यावर त्यांना उतरते म्हणून हिणवतो. हमझा चौधरी दोन्ही पासपोर्ट खिशात ठेवून सत्ताविसाव्या वर्षी बांगलादेशाकडून खेळायला लागला.

यावर ग्रुपवर हमखास, जपानमध्ये जन्मून भारताकडून खेळलेल्या आराता इझुमीचं उदाहरण येतं. त्याने जपानी नागरिकत्व सोडलं की! सोडलं, आणि मला त्याच्याविषयी नितांत आदर आहे. पण इझुमी आधीपासून महिंद्र युनायटेड, पुणे एफसी असा इथेच खेळत होता. त्याचा रोजचा क्लबच भारतात होता. चोप्राचा क्लब कार्डिफमध्ये होता.

इथून तासाभरापेक्षा कमी अंतरावर ॲशिंग्टन आहे, जॅक चार्लटनचं गाव. त्याने प्रशिक्षक म्हणून आयर्लंडचा संघ उभा केला तो वाडवडिलांच्या नात्यावर. लिव्हरपूलमध्ये जन्मलेला जॉन ऑल्ड्रिज, ग्लासगोमध्ये जन्मलेला रे हॉटन. 1988 च्या युरोमध्ये याच हॉटनने इंग्लंडविरुद्ध एकमेव गोल केला आणि 1990 मध्ये आयर्लंड वर्ल्डकपच्या उपांत्यपूर्व फेरीत पोहोचलं. डब्लिनमध्ये हॉटनला कुणी उरलासुरला म्हणून दाखवावं.

जुगाराचं खरं आहे. इप्सविचच्या क्लबमध्ये असताना चोप्रा त्यात पार बुडाला होता, उपचारांना गेला, त्याबद्दल स्वतः उघड बोलला. 2013 मध्ये ब्रिटिश घोड्यांच्या शर्यतींच्या नियामकांनी त्याच्यावर शर्यतींपुरती दहा वर्षांची बंदी घातली. ते मी झाकत नाही. पण इथे हाय स्ट्रीटवर दर चार दुकानांनंतर बेटिंग शॉप आहे, आणि एकोणिसाव्या-विसाव्या वर्षी खिशात आठवड्याचा पगार खुळखुळणाऱ्या पोरांना त्यात ओढणारे टपलेलेच असतात. व्यसनाने त्याचं वाटोळं झालं. त्यावरून त्याचं भारतावरचं प्रेम खोटं ठरत नाही.

आणि पैसे घेऊन गेला म्हणता, तर 2014 ची पहिली आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीगची, फायनल आठवा. नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम, कोलकात्याने अगदी शेवटी 1-0 ने जिंकली. चोप्राने संधी दवडल्या, हेही खरं. पण तो 2016 मध्ये परत आला, आणि कोचीत मुंबई सिटीविरुद्धचा एकमेव गोल त्याचा होता.

हे सगळं मी लिहिलं तेव्हा एका मित्राचं उत्तर आलं : "मर्दा, तू स्वतः पासपोर्ट सोडलास. तू आम्हाला शिकवू नकोस."

सोडलाय. नोकरी, घर, मुलगा, सगळ्याचा हिशेब करून सोडला, आणि रद्द झालेला निळा पासपोर्ट अजून कपाटात आहे. मी मोठेपणी विचार करून सोडला, म्हणून मला बोललात तर मी ऐकून घेईन. भारतात मला मत देता येत नाही, शेती विकत घेता येत नाही, ते मी पत्करलं. पण चोप्राने काही सोडलंच नव्हतं. तो इथे जन्मला. माझा मुलगाही इथेच जन्मला, रविवारी सकाळी टाउन मूरच्या माळावर चिखलात फॉरवर्ड खेळतो, घरात माझ्याशी मराठी बोलतो, आणि भारताची मॅच असली की टीव्हीसमोरून हलत नाही. तो चोप्राइतका मोठा होईल असं मी म्हणत नाही; बहुधा होणार नाही. पण शाहू स्टेडियमवर पाटाकडीलच्या शर्टातला नायजेरियन तुम्हाला मोसमभर आपला वाटतो, त्याच्या गोलला तुम्ही गुलाल उधळता. माझ्या मुलाने मात्र आपला ठरायला आधी त्याचं जन्माचं घर सोडून दाखवायचं? चोप्राकडे तुम्ही हेच मागितलंत. म्हणून मी त्याच्यासाठी इतका भांडतो.