स्पीकर निवडायचा तो फिरणारा मेसेज: जरा थांबा

ठाण्यात सोसायट्यांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय, स्पीकर कसे घ्यावेत म्हणून. सार एवढंच की जास्त वॅटचे घ्या, दुकानात ऐकून पहिल्या मिनिटात जो भारी वाटेल तो उचला, घरी कोपऱ्यात लावा म्हणजे बेस मस्त येतो, आणि केबलवर कंजूषी करू नका. चारही गोष्टी गंडलेल्या आहेत.

वॅटचं आधी. तो आकडा सांगतो स्पीकर किती पॉवर झेलेल ते, किती मोठ्याने वाजेल ते नाही. त्यासाठी सेन्सिटिव्हिटी बघा, म्हणजे तेवढ्याच पॉवरवर स्पीकर किती मोठ्याने वाजतो ते, डेसिबलमध्ये दिलेली असते. 84 डेसिबलवाल्याला 90 वाल्याइतका आवाज काढायला चौपट पॉवर लागते, आणि 50 वॅटचा अँप्लिफायर बदलून 100 चा आणला तर मिळतात जेमतेम 3 डेसिबल. पीएमपीओ, म्हणजे फुगवून छापलेला वॅटचा आकडा, लिहिलेला दिसला तर तिथे थांबूच नका.

पहिल्या मिनिटाचा मुद्दा मात्र जास्त घातक, कारण तो पटतो. दोनातला जो किंचित मोठ्याने वाजतो तोच आपल्याला चांगला वाटतो, आणि गंमत म्हणजे तो ‘मोठा’ वाटत नाही, ‘क्लिअर’ वाटतो, ‘दम आहे’ असं वाटतं. म्हणजे सेल्समनने व्हॉल्यूमला हातही न लावता जास्त सेन्सिटिव्हिटीवाला जिंकतो. फोनवर साउंड मीटरचं साधं अ‍ॅप टाका, फोन एकाच जागी धरून दोघांचा आवाज सारखा करून घ्या आणि मगच ऐका, जमलं तर डोळे मिटून. हरमन या स्पीकर बनवणाऱ्या कंपनीत फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या संशोधकांनी 1994 मध्ये तेच स्पीकर पडद्याआड आणि उघडे असे दोन्ही प्रकारे ऐकवले होते, नुसतं दिसण्याने लोकांचे मार्क बदलले, आणि ऐकणारे कोण तर त्यांच्याच कंपनीतले! दुकानाची डेमो गाणी नकोत, तुमची रोजची लावा. तबला असेल तर डग्ग्याचा घुमारा सुटा ऐकू येतो का बघा, मग बातम्या वाचणारा पुरुषाचा आवाज लावा, तो माठातून आल्यासारखा वाटला तर स्पीकर परत ठेवा.

कोपऱ्यात बेस वाढतो हे खरंय, पण तो घुमतो. 12 फूट लांबीच्या हॉलमध्ये साधारण 47 हर्ट्झला, म्हणजे खोल बेसच्या सुरांना, खोली स्वतःच घुमते, कोपरा त्यात भर घालतो. त्यात घोडबंदरच्या फ्लॅटमध्ये टाइल्स, काचेची स्लायडिंग, उघड्या भिंती. टाळी वाजवून बघा, टणटण ऐकू येते. डेमो रूममध्ये गालिचा आणि जाड सोफा असतो हो. भिंतीपासून फूटभर पुढे घ्या, खाली सतरंजी टाका.

केबल? 10-15 फुटांना 16 गेजची तांब्याची साधी वायर, संपला विषय, फक्त वरून तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची नको.

आणि नौपाड्यात घ्या नाहीतर वाशीला, पैसे देण्याआधी घरी डेमो मागा. नाही म्हणाला तर परत घेणार का, किती दिवसांत, ते बिलावरच लिहून घ्या.