काळ्या रानातला रस्ता दरसाल नवा कसा ठेवावा

आपल्या गावाचा रस्ता मराठवाड्यातल्या किंवा विदर्भातल्या काळ्या रानातून जाणार असेल आणि तो करून घेण्याची जबाबदारी आपल्यावर आली असेल, तर प्रथम आपले अभिनंदन. माळावरच्या मुरमाड जमिनीत एकदा केलेला रस्ता वर्षानुवर्षे नुसता पडून राहतो. काळी माती मात्र पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि मे महिन्यात तिला कोपरापर्यंत हात जाईल अशा भेगा पडतात. त्यामुळे थोडी काळजी घेतली, तर तिच्यावरचा रस्ता दरसाल नव्याने करता येतो.

मातीचा नमुना भर उन्हाळ्यात घ्यावा, कारण तेव्हा ढेकळावर मारलेली कुदळही उसळून परत येते. माती किती भार पेलते ते मोजणाऱ्या सी.बी.आर. चाचणीपूर्वी नमुना चार दिवस पाण्यात बुडवून ठेवण्याची पद्धत आहे, ती कटाक्षाने टाळावी. भिजलेल्या काळ्या मातीचा आकडा पुष्कळदा २ टक्क्यांच्या आसपास येतो, ग्रामीण रस्त्यांच्या मानकांत तो 'अतिशय निकृष्ट' या सदरात मोडतो, आणि असे शब्द कागदावर आले की कोणीतरी नवखा अभियंता उपाय काय म्हणून विचारतो.

उपाय दुर्दैवाने स्वस्त आहे. कोरड्या मातीच्या वजनाच्या साधारण ३ ते ५ टक्के विरवलेला चुना तिच्यात नीट मिसळला, तर चुन्यातले कॅल्शियम मातीच्या सूक्ष्म कणांना चिकटते, त्यांची पाणी धरून फुगण्याची खोड मोडते आणि कालपर्यंत चपलेला किलोकिलोने चिकटणारा चिखल एकदोन दिवसांत भुसभुशीत होतो. पुढे कित्येक आठवडे चुना आणि मातीतली सिलिका यांचा सिमेंटसारखा बंध तयार होत राहतो. जोडीला औष्णिक वीजकेंद्राची राख घातली, तर हा बंध आणखी बळावतो. ती राख कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर आणि परळी येथे ढिगांनी उपलब्ध आहे आणि ती रस्त्यांत वापरावी म्हणून केंद्र सरकार १९९९ पासून अधिसूचना काढत आले आहे. रस्तेबांधणीची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेने तर २०१० मध्ये चुना, सिमेंट आणि राख घालून माती पक्की करण्यावर स्वतंत्र मार्गदर्शिकाच काढली. ती कार्यालयाच्या कपाटात असेलच. तिथेच असू द्यावी.

तरीही अंदाजपत्रकात चुना आलाच, तर खचून जाऊ नये. पोती महिनाभर आधी आणून उघड्यावर ठेवावीत. हवा आणि दमट वारा यांच्या संगतीत चुन्याची हळूहळू निरुपद्रवी चुनखडी होते आणि पोत्यांची संख्या मात्र मोजमाप पुस्तिकेत तेवढीच राहते. मिसळताना ढेकळे फोडू नयेत. रोटाव्हेटर गावातल्या निम्म्या ट्रॅक्टरांना असतो, पण तो शेतीचे अवजार आहे, हे आपण ठामपणे सांगावे. नारळाएवढ्या ढेकळावर वरून भुरभुरलेला चुना आत शिरत नाही आणि माती आपला मूळ स्वभाव जपून ठेवते. (ठेकेदार बांधावर बसून तंबाखू मळत असेल, तर तिकडे लक्ष देऊ नये. नखभर चुना, तळहातावर अंगठ्याने पाच मिनिटे मळणी, मग दोन थापा: प्रमाण, मिश्रण आणि दाबाई या तिन्ही गोष्टी त्याला उत्तम येतात, हे उगाच लक्षात येईल.) रोलर फिरवण्यापूर्वी मातीत ओलावा किती आहे ते पाहू नये, टँकर आला त्या दिवशी भरपूर पाणी मारावे, आला नाही त्या दिवशी कोरडेच दाबावे. काम झाल्यावर थर आठवडाभर ओलसर ठेवायचा असतो, पण तोवर उद्घाटनाची तारीख आलेली असते.

बाजूचे गटार खणू नये. पाणी साचून रस्त्याच्या पोटात मुरू द्यावे.

जुलैत रस्ता लाटांसारखा वरखाली झाला, की अहवालात 'अतिवृष्टी' लिहावे. पाऊस कमी झाला असेल, तर दोन ट्रॉल्यांचे उसाचे ट्रॅक्टर आहेतच. आणि गावात ऊस नसेल, तर 'काळ्या मातीचा नैसर्गिक गुणधर्म' हे कारण बारमाही चालते. दुरुस्तीचे अंदाजपत्रक मात्र भूमिपूजनाचा नारळ फोडण्यापूर्वीच टंकलिखित करून ठेवावे आणि त्यावर तारखेची जागा कोरी सोडावी.