मिनी लेथ टेपर काढते, या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. आमच्याकडून जालन्याला नेलेली चिनी मिनी लेथ टेपर काढते (जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, एका टोकाला जाड आणि दुसऱ्याला बारीक येतो), टेलस्टॉक (उजव्या टोकाचा आधार) कितीही सरकवला तरी टेपर जात नाही, पार्टिंग करताना (जॉब कापून वेगळा करताना) चॅटर येतो, म्हणजे टूल थरथरतं, मोटर मध्येच बंद पडते आणि मशीन लाल चिकट ग्रीसने बरबटलेली आली, असं तुम्ही लिहिलंय. वाळूजच्या कंपनीत एचएमटीच्या मोठ्या लेथवर नोकरी झाली, त्यापुढे हे खेळणं आहे, असंही म्हणालात.

बाकी सगळं नंतर. "बेडवर एमरी पेपर मारायला घेतलाय" हे तुमचं वाक्य वाचून काळजी वाटली. कृपया ते आजच थांबवा. एमरीची कच सॅडलखाली, म्हणजे बेडच्या रुळांवर सरकणाऱ्या टूलच्या भागाखाली, अडकते आणि पुढे प्रत्येक फेऱ्याला बेड खात राहते. हाताने घासून बेड सरळ होत नाही, उलट जिथे जोर जास्त पडतो तिथे खड्डा पडतो. मारलेला भाग डिझेलने धुवा, सॅडल काढून त्याची खालची बाजूही स्वच्छ करा, मग तेल लावा. लाल ग्रीस समुद्रप्रवासात गंज चढू नये म्हणून लावतात, तीही डिझेलनेच निघते. पुसून झाल्यावर मशीन तशीच कोरडी ठेवू नका. पावसाळ्यात उघड्या बिडाला गंज चढायला एक रात्र पुरते.

आता टेपर. तुमच्या फोटोत जॉब फक्त चकच्या जबड्यात धरलेला दिसतो, टेलस्टॉकमधल्या टोकदार सेंटरचा आधार नाही. अशा जॉबचा टेलस्टॉकशी काहीच संबंध येत नाही. तो कुठेही सरकवा, टेपर तेवढाच राहणार. इथे दोनच गोष्टी पाहायच्या: बेडला पीळ आहे का, आणि हेडस्टॉक (चक फिरवणारा डावीकडचा भाग) बेडच्या रेषेत आहे का. तुम्ही मशीन लाकडी टेबलावर बोल्टने आवळली आहे. टेबलाचा माथा थोडा जरी वाकडा असला तरी बोल्ट आवळताना बेड त्याच्यासारखा पिळतो.

आधी बोल्ट सैल करा. साधारण २५ ते ३० मिमी जाडीचा रॉड चकमध्ये धरून १०० मिमी बाहेर ठेवा. चकजवळ एक आणि टोकाला एक अशी दोन कॉलर (जाड पट्टे) सोडून मधला भाग खाली घ्या. मग धारदार एचएसएस (हाय स्पीड स्टील) टूलने, क्रॉस स्लाइडचा (टूल आत-बाहेर नेणाऱ्या स्लाइडचा) डायल न हलवता, ०.०५ मिमीचा हलका कट दोन्ही कॉलरवर एकाच फेऱ्यात मारा आणि मायक्रोमीटरने मोजा. जाड कट मारलात तर रॉड टूलपासून लवतो, टोकाची कॉलर जाड राहते आणि दोष फुकट मशीनच्या माथी येतो. बोल्ट सैल असताना दोन्ही कॉलर सारख्या आल्या आणि आवळल्यावर फरक पडला, तर दोष टेबलाचा. टोकाची कॉलर जाड येत असेल तर टेलस्टॉककडच्या पुढच्या, म्हणजे तुमच्या बाजूच्या पायाखाली पातळ शिम (धातूची पट्टी) घाला. बारीक येत असेल तर मागच्या पायाखाली. बोल्ट सैल असतानाही फरक राहिला, तरच हेडस्टॉकखाली शिम घालण्याचा विचार करा. टेलस्टॉक सगळ्यात शेवटी, दोन सेंटरमध्ये जॉब धरून जुळवायचा.

चॅटरचं कारण बहुतेक जिबमध्ये, म्हणजे स्लाइडचा ढिलेपणा घालवणाऱ्या पट्टीत, सापडेल. क्रॉस स्लाइडच्या ग्रब स्क्रूंची लॉकनट सैल करा, एकेक स्क्रू थोडा थोडा आवळत हँडल फिरवून बघा. स्लाइड जड लागली की किंचित मागे या आणि लॉकनट आवळताना स्क्रू हलू देऊ नका. सॅडलच्या खालच्या पट्ट्याही तपासा, कारखान्यातून त्या बहुधा ढिल्या येतात. पार्टिंग करताना कंपाउंड (टूल धरणारी वरची स्लाइड) आणि सॅडल लॉक करा, टूल कमीत कमी बाहेर ठेवा आणि त्याची धार सेंटर हाइटला, म्हणजे जॉबच्या मध्यरेषेला, आणा. फेसिंग केल्यावर मध्ये बोंड राहत असेल तर हाइट चुकलेली आहे.

टेपर रोलर बेअरिंग टाका, असा सल्ला तुम्हाला कोणीतरी दिलाय. सल्ला वाईट नाही, पण आत्ता नको. आत स्पिंडलवर (चक फिरवणाऱ्या दांड्यावर) ६२०६ बॉल बेअरिंग आहे, ते १६ मिमी रुंद. ३०२०६ हे टेपर रोलर बेअरिंग त्याच बोअरचं आणि त्याच बाहेरच्या व्यासाचं आहे, पण १७.२५ मिमी रुंद. म्हणजे स्पेसर कमी करावे लागतात, आणि ते काम स्पिंडल खोलण्याआधी याच लेथवर करून ठेवावं लागतं. आधी वरची सेटिंग करून बघा, बेअरिंगची गरज कदाचित उरणारही नाही.

"खेळणं" या शब्दाशी मात्र मी सहमत नाही. एचएमटीचं वजन आणि कडकपणा या मशीनला येणार नाही, हे उघड आहे. पण तिथली मशीन पक्क्या फाउंडेशनवर लेव्हल करून मेंटेनन्स खात्याने तुमच्या हातात दिली होती. या किमतीत हाताने फिटिंग करण्याची मजुरी बसत नाही, ती घेणाऱ्यावर येते. म्हणून "सेटिंग ग्राहकाने करावी" हे आम्ही बिल फाडण्याआधी सांगतो आणि बिलावर छापतोही. साडेचार फुटी लेथ वरच्या मजल्यावर चढत नाही, तिला बहुधा थ्री फेज लागतो. ही चाळीसेक किलोची मशीन दोघं जण उचलतात, घरच्या सिंगल फेजवर चालते आणि नीट बसवली तर बुश, पिन, छोटे शाफ्ट मापात काढते. तुमच्यासारख्या मुरलेल्या टर्नरच्या हातात तर नक्कीच काढेल.

मोटरचा मुद्दा वेगळा आहे, तो सेटिंगमध्ये येत नाही. कमी आरपीएमवर या मोटरचा जोर उतरतो आणि ओव्हरलोडला कंट्रोल कार्ड सप्लाय तोडतं. संध्याकाळी आपल्याकडे व्होल्टेज पडतो तेव्हा हे आणखी लवकर होतं. मोटर थांबेल त्या वेळी सॉकेटवरचा व्होल्टेज मोजून ठेवा. व्होल्टेज ठीक असून, चक रिकामा असतानाही मोटर थांबत असेल तर बहुधा कार्ड खराब आहे. ते वॉरंटीत बदलून देऊ, पूर्ण मशीन आणायची गरज नाही. दोन्ही कॉलरची मापं आणि व्होल्टेजचा आकडा बिलावरच्या नंबरला पाठवा. जालन्याला आमची डिलिव्हरीची गाडी येतच असते. कार्ड खराब निघालं तर मुलगा त्याच गाडीने नवीन घेऊन येईल आणि शिमच्या पट्ट्याही देईल.

आपला,
दुकानमालक, छत्रपती संभाजीनगर