तटस्थ गृहस्थ

रविवारी, ४ मे २०२५ रोजी, आयर्लंडच्या पश्चिमेकडील कॅसलबार या गावी, माझ्याच घराच्या फाटकात, मेयो काउंटीची हिरवी-लाल जर्सी माझ्या अंगात असताना, मला माझ्या तोंडावर तटस्थ म्हणून घोषित करण्यात आले. ज्या गृहस्थांनी हा निवाडा दिला त्यांनी आपली मोटार त्याच फाटकासमोर आडवी लावलेली होती, हेही येथेच नोंदवून ठेवतो, कारण पुढे रागाच्या ओघात ते राहून जाण्याची शक्यता आहे.

त्या दिवशी कॉनॉट प्रांताच्या गेलिक फुटबॉलचा, म्हणजे हाता-पायांनी खेळायच्या येथल्या देशी फुटबॉलचा, अंतिम सामना होता. यजमान मेयो, पाहुणे शेजारचे गॉलवे, आणि मैदान आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर असलेले मॅकहेल पार्क. अशा दिवशी गावाचा साधा नियम असा असतो की, जेथे मोटार उभी केल्यावर ती ओढ्यात कलंडत नाही, ती प्रत्येक जागा वाहनतळ समजावी. माझी पत्नी रुग्णालयात परिचारिका आहे आणि तिला दुपारच्या पाळीला जायचे होते. मी त्या गृहस्थांना तसे नम्रपणे सांगितले. त्यांनी तितक्याच नम्रपणे सांगितले की, पाचच मिनिटांचा प्रश्न आहे. पत्नीने दोघांच्याही नम्रतेकडे एकवार पाहिले, बूट बदलले आणि ती चालत निघून गेली. ती पाच मिनिटे संध्याकाळी संपली.

हे गृहस्थ सत्तरी ओलांडलेले, बॅलिनाकडचे, म्हणजे अस्सल मेयोचे होते. त्यांच्यासोबत त्यांची बहीण होती आणि बहिणीचे यजमान होते. हे यजमान टूअमचे, म्हणजे गॉलवेचे, आणि तेही सीमेलगतच्या भागातले, त्यामुळे अधिकच कडवे. मोटारीची मागची डिकी उघडली गेली. चांदीच्या कागदात गुंडाळलेली अंड्याची आणि हॅमची सँडविचे बाहेर आली, थर्मास आला, आणि बॅलिनाचे गृहस्थ माझ्या कुंपणाच्या भिंतीवर, जणू ती त्यांच्या पणजोबांनी बांधली असावी अशा सहजतेने, बसले. मग सामन्याच्या भवितव्याची चर्चा सुरू झाली.

चर्चा सुरू झाली असे मी म्हणतो खरा, परंतु कोल्हापुरात वाढलेल्या माणसाला ही चर्चा आहे हे कळायलाच काही काळ जावा लागतो. आमच्याकडे दोन पक्षांचे समर्थक समोरासमोर आले की प्रत्येक जण आपण समोरच्याला कसे लोळवणार हे सांगतो. येथे प्रत्येक जण समोरचा आपल्याला कसा लोळवणार हे सिद्ध करण्यासाठी हट्टाला पेटतो. दहावीचा प्रत्येक पेपर अवघड गेला म्हणून रडणारा आणि पुढे गुणवत्ता यादीत झळकणारा विद्यार्थी आपण सर्वांनी पाहिलेला आहे. अशा विद्यार्थ्यांनी भरलेली एक संपूर्ण काउंटी डोळ्यांसमोर आणावी.

“आमचे आज काही खरे नाही,” बॅलिनाकर म्हणाले.

“तुमचे? अहो, आमची मधली फळी पाहिलीत का?” टूअमकर म्हणाले. “तुम्ही घरच्या मैदानावर आहात. आम्ही नुसते फिरायला आलो आहोत.”

“तुम्ही सलग तीन वर्षे कॉनॉट जिंकलेले आहात.”

“म्हणूनच. चौथ्यांदा कोणी जिंकू देते का?”

येथून पुढे पुरावे सादर होऊ लागले. टूअमकरांनी २०२२ आणि २०२४ या दोन्ही वर्षी गॉलवे अखिल आयर्लंडच्या अंतिम सामन्यात कसे हरले, दुसऱ्या वेळी तर आर्माकडून अवघ्या एका गुणाने कसे हरले, ते सांगितले. बॅलिनाकरांनी दयाबुद्धीने मान हलवली. दोन पराभव! अखिल आयर्लंडच्या विजेत्याला मिळणारा सॅम मग्वायर करंडक मेयोने शेवटचा जिंकला तो १९५१ मध्ये. १९८९ पासून २०२१ पर्यंत मेयो अकरा अंतिम सामन्यांत उतरले आणि अकराही हरले. त्यांतले २०१३चा, २०१६चा फेरसामना आणि २०१७चा हे तीन डब्लिनकडून, प्रत्येकी एका गुणाने. २०१६च्या मूळ सामन्यात डब्लिनच्या नावावर दोन गोल लागले आणि ते दोन्ही मेयोच्या खेळाडूंनी आपल्याच जाळ्यात घातलेले होते, हे सांगताना तर त्या गृहस्थांच्या आवाजात असे काही तेज आले की टूअमकरांना आपले सँडविच खाली ठेवावे लागले. दुःखाच्या या लिलावात गॉलवेची बोली फार तोकडी पडत होती.

त्यानंतर शापाची गोष्ट निघणे अटळ होते. १९५१ साली विजयी संघ डब्लिनहून परतताना फॉक्सफर्ड गावातून गेला, तेथे एक अंत्ययात्रा चालली होती, जल्लोषाच्या भरात कोणी थांबून मान दिला नाही, आणि तेथील धर्मगुरूंनी शाप दिला की, या संघातला एकही खेळाडू जिवंत असेपर्यंत मेयो पुन्हा जिंकणार नाही. ही आख्यायिका मेयोमध्ये सर्वांना पाठ आहे आणि तीवर विश्वास असल्याचे कोणीही कबूल करीत नाही. अडचण अशी की त्या संघातले शेवटचे हयात खेळाडू पॅडी प्रेंडरगास्ट सप्टेंबर २०२१ मध्ये, पंच्याण्णव वर्षांचे होऊन, निवर्तले. ती वार्ता आली तेव्हा मेयो त्या वर्षीचा अंतिम सामना नुकताच टिरोनकडून हरून बसले होते.

“तेव्हा शाप तर संपला,” मी बोलून गेलो.

“तेच तर,” बॅलिनाकर खिन्नपणे म्हणाले. “आता हरलो तर सांगायचे काय?”

यानंतर वाऱ्याचा विषय आला. गेलिक फुटबॉलमध्ये चेंडू जाळ्यात गेला तर तीन गुण आणि आडव्या दांडीवरून, दोन उंच खांबांच्या मधून गेला तर एक गुण, हे जुने गणित. २०२५ पासून चाळीस मीटरच्या कमानीबाहेरून दांडीवरून मारलेल्या फटक्याला दोन गुण मिळतात आणि खांबाजवळचा पंच त्यासाठी नारिंगी निशाण फडकवतो. त्यामुळे वारा पाठीशी असणे याला नाणेफेकीच्या क्षणापासूनच महत्त्व आलेले आहे. बॅलिनाकरांनी सँडविचचा चांदीचा कागद दोन बोटांत उंच धरला, तो कोणत्या बाजूला फडफडतो हे पाहिले, आणि पूर्वार्धात बेकन फॅक्टरीच्या टोकाकडे खेळणारा संघ निदान सहा गुण पुढे हवा, नाहीतर खेळ आटोपला, असा निष्कर्ष काढला. टूअमकरांनी तोच कागद घेऊन तीच क्रिया केली आणि बरोबर उलट निष्कर्ष काढला. माझ्या भिंतीमागे वारा अडतो, त्यामुळे तेथील कागदावरून मैदानातल्या वाऱ्याचा काहीही अंदाज बांधता येत नाही, हे सांगण्याचा मी प्रयत्न केला. परंतु घरमालकाच्या मताला त्या भिंतीवर तसे काही स्थान नव्हते.

वाऱ्यावरून गाडी मैदानावर आली आणि मैदानावरून त्याच्या नावावर. टूअमकरांनी हळूच काडी टाकली की, मेयोचे हे मैदान ज्यांच्या नावाचे आहे ते जॉन मॅकहेल टूअमचे आर्चबिशप होते, तेव्हा एका अर्थी आज गॉलवेच घरच्या मैदानावर खेळते आहे. बॅलिनाकर भिंतीवरून खाली उतरले. मॅकहेल टूअमला १८३४ पासून १८८१ पर्यंत नोकरीला होते. जन्म मात्र मेयोचा, नेफिन डोंगराच्या पायथ्याचा. माणूस पोटापाण्यासाठी कोठेही जाईल, म्हणून तो तेथला होतो काय? जन्मतो तेथलाच तो राहतो! हे वाक्य उच्चारताना त्यांची नजर सहज माझ्यावर पडली, आणि मला वाटते, त्याच क्षणी माझे भवितव्य ठरले. एकोणिसाव्या शतकातल्या धर्मगुरूच्या रहिवासी दाखल्यावरून पेटलेल्या त्या वादात माझी साक्ष काढली जाणे ओघानेच आले.

“आपण या सद्गृहस्थांना विचारू,” ते म्हणाले. “कोण जिंकणार ते हेच सांगतील. यांचे यात काहीच अडकलेले नाही. हे तटस्थ आहेत.”

मी खाली माझ्या छातीकडे पाहिले. हिरवी जर्सी, मध्ये लाल पट्टा, मेयोचे बोधचिन्ह. ती विकत घेताना मोजलेली रक्कम मी अद्याप पत्नीला पूर्ण सांगितलेली नाही.

“मी मेयोचा पाठीराखा आहे,” मी म्हणालो.

“हो, हो, छानच दिसते ती तुम्हांला,” ते म्हणाले. “पण तुम्ही क्रिकेटवाले.”

आता मी क्रिकेटवाला नाही. मी कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतला आहे. शाहू स्टेडियमवर शिवाजी तरुण मंडळ आणि पाटाकडील तालीम मंडळ यांचा सामना असला म्हणजे गावात काय वातावरण असते, पोलीस बंदोबस्त कशासाठी लागतो, आणि मंगळवार पेठेत सासुरवाडी असणाऱ्या जावयाने त्या आठवड्यात जेवायला जावे की जाऊ नये, हे मला शिकवण्याची गरज नाही. तालमीच्या आणि पेठेच्या नावाने खेळणे, पोट दुसऱ्या कामावर भरणे आणि रविवारी जीव मैदानावर टाकणे, हे मी दूध पिण्याच्या वयापासून पाहिलेले आहे. येथेही मोठमोठे खेळाडू सोमवारी शाळेत शिकवायला किंवा शेतावर जातात, कोणालाही मानधन नसते, आणि आपण ज्या काउंटीचे त्याच काउंटीकडून खेळायचे, ही रीत आहे. हा खेळ मला येथे आल्यावर दोन महिन्यांत कळला, तो त्यामुळेच. उलट या खेळाचा कारभार पाहणाऱ्या ज्या संघटनेने १९७१ पर्यंत आपल्या सभासदांना परके खेळ म्हणून क्रिकेट, सॉकर आणि रग्बी खेळायला तर सोडाच, पाहायलाही बंदी घातली होती, आणि ज्या संघटनेने १९३८ मध्ये सॉकरचा सामना पाहिला म्हणून देशाचे राष्ट्राध्यक्ष डग्लस हाइड यांना आपल्या आश्रयदातेपदावरून काढून टाकले, तिच्या पाठीराख्याने मला क्रिकेटवाला म्हणावे, यामागे जुना आरोप असल्याचा वास मला आला.

आणि खरे सांगायचे तर मला तेथे हसू आले नाही. माझा मुलगा येथल्या क्लबात खेळतो. त्याच्या संघाच्या चिखलाने माखलेल्या जर्सी आमच्या घरी धुतल्या जातात. क्लबाच्या लॉटरीची तिकिटे मी कचेरीत खपवलेली आहेत आणि खपली नाहीत ती स्वतः घेतलेली आहेत. आडव्या पावसात मैदानाच्या कडेला उभे राहून दुसऱ्यांच्या मुलांचीही नावे मी घसा बसेपर्यंत ओरडलेलो आहे. कर भरण्याच्या, पाणी वाटण्याच्या आणि गोलखांब उचलण्याच्या वेळी मला कोणी तटस्थ ठरवत नाही. फक्त हरण्याच्या दुःखात वाटा मागितला की माझी पणजी कोठे पुरलेली आहे, हे पाहिले जाते. खरी तटस्थ व्यक्ती कोणी असेल तर ती मेयोत जन्मून गॉलवेत नांदणारी ती बहीण होती. परंतु तिला कोणी काही विचारले नाही. ती चहा ओतत होती आणि मधून मधून “एकदाचे संपू दे,” असे पुटपुटत होती.

तेव्हा मी जरा जोरातच उत्तर दिले. “मेयो. दोन गुणांनी.”

चहा ओतणारा हात थांबला. टूअमकरांच्या चेहऱ्यावर दिवसभरातले पहिले समाधान उमटले. बॅलिनाकरांनी डोक्यावरची टोपी काढली.

“असे मोठ्याने म्हणतात का?” ते हलक्या आवाजात म्हणाले.

“तुम्ही विचारलेत.”

“विचारले म्हणून काय झाले? निदान बरोबरी होईल म्हणा.”

मी नकार दिला. मग त्या वृद्ध गृहस्थांनी, लाकडाला हात लावला की अशुभ टळते या येथील समजुतीनुसार, आजूबाजूला लाकूड शोधले, आणि आपणच अडवून ठेवलेल्या माझ्या लाकडी फाटकावर तीनदा टकटक केले. ते पुरेसे वाटले नाही म्हणून आणखी एकदा केले. आत कोणी नाही, हे मी त्यांना सांगितले.

सामना गॉलवेने जिंकला. २-१७ विरुद्ध २-१५ (आधी गोल, मग दांडीवरून मिळालेले गुण), म्हणजे तेवीस विरुद्ध एकवीस. फरक बरोबर दोन गुणांचा. खेळाविषयी येथे अधिक लिहीत नाही; मी तो ज्या अवस्थेत पाहिला ती तटस्थ नव्हती, एवढेच सांगतो. परतलो तेव्हा ते तिघे डिकीतले उरलेले केक खात बसले होते. टूअमकरांनी उठून दोन्ही हातांनी माझा हात हातात घेतला आणि असा जाणकार माणूस आपल्याला आजवर भेटला नव्हता असे सांगितले. बॅलिनाकर रस्त्याने जाणाऱ्या हिरव्या-लाल गर्दीतल्या ओळखीच्या लोकांना माझ्याकडे बोट दाखवून सांगत होते, “दोन गुणांनी, असे हे आधीच म्हणाले होते. आकडा बरोबर सांगितला, काउंटी तेवढी चुकली.” लोक थांबत, माझ्या जर्सीकडे पाहत, आणि वारसा नसतानाही पराभव घडवून आणू शकणाऱ्या माणसाकडे ज्या आदराने पाहावे त्या आदराने पाहून पुढे जात.

निघण्यापूर्वी बॅलिनाकर माझ्यापाशी आले. प्रांत गेला तरी वर्ष संपलेले नाही, अंतिम सामन्यात हरलेला संघही त्या वर्षी अखिल आयर्लंडच्या गटसाखळीत खेळणार होता, असे त्यांनी मला समजावले, जणू मला ते ठाऊक नव्हते. पुढच्या सामन्याला ते येथेच मोटार लावणार होते. त्या वेळी कोणी विचारले तर मेयो दहा गुणांनी हरणार, असे मी स्पष्ट आणि मोठ्या आवाजात सांगावे, अशी त्यांची विनंती होती.

मी त्यांना सांगितले की, मी तटस्थ आहे. असा पक्षपात माझ्या हातून होणार नाही.

त्यांनी यावर बराच विचार केला, मान डोलावली, आणि थर्मास पुढे करून परतीच्या वाटेसाठी थोडे उकळते पाणी मिळेल का, असे विचारले.